वसईचा गोन्सालो

मुंबईच्या उत्तरेस, उल्हास नदीचे पाणी ज्या खाडीतून समुद्रास मिळते, त्या खाडीच्या काठी वसईचा जुना किल्ला उभा आहे. त्याचा दगडी तट अजून बराचसा शाबूत आहे. परंतु आतील वाडे, मठ आणि प्रार्थनामंदिरे कधीच ओस पडली आहेत. इ. स. १५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसईचा मुलूख पोर्तुगिजांना दिला आणि इ. स. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी तो मोठ्या पराक्रमाने जिंकून घेतला. या दोन सनांमधील दोनशे वर्षांत वसई हे पश्चिम किनाऱ्यावरील एक भरभराटीचे शहर होते. येथे जहाजे बांधली जात, येथील घडीव दगड गोव्यापर्यंत जाई आणि देशोदेशींचे व्यापारी, खलाशी व धर्मगुरू या बंदरात उतरत.

अशा या गजबजलेल्या वसईत इ. स. १५५७ च्या सुमारास गोन्सालो गार्सियाचा जन्म झाला. त्याचे वडील पोर्तुगीज होते आणि आई याच भूमीची कन्या होती. वडिलांची भाषा वेगळी आणि आईच्या माणसांची वेगळी. बंदरात उतरणाऱ्या परक्या लोकांच्या बोली तर आणखी निराळ्या. ज्या मुलाच्या कानांवर लहानपणापासून असे नाना प्रकारचे शब्द पडतात, त्याला परकी भाषा ऐकून बावरायला होत नाही. हा गुण पुढे गोन्सालोच्या फार उपयोगी पडला.

किल्ल्यामध्ये येशूसंघाच्या धर्मगुरूंची शाळा होती. तेथे गोन्सालो शिकू लागला. सेबास्तियाव गोन्साल्विस नावाच्या गुरूंचा त्याच्यावर विशेष लोभ होता. शाळेतील मुलांना पूर्वेकडील दूरदूरच्या देशांच्या वार्ता ऐकावयास मिळत. संत फ्रान्सिस झेवियर हे स्वतः वसईस येऊन गेले होते आणि इ. स. १५४९ मध्ये त्यांनी जपानच्या भूमीवर पाऊल ठेवले होते. त्यांच्या मागोमाग अनेक धर्मगुरू त्या देशी गेले. आपणही त्यांच्यासारखे व्हावे आणि दूर देशी जाऊन लोकांची सेवा करावी, अशी इच्छा गोन्सालोच्या मनात मूळ धरू लागली.

इ. स. १५७२ च्या सुमारास, वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी, धर्मगुरूंच्या सोबतीने गोन्सालो जपानला जाण्यास निघाला. वाफेची अगर तेलाची जहाजे तेव्हा नव्हती. शिडाचे जहाज वाऱ्याच्या लहरीवर चाले. हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरून मलाक्का, तेथून चीनच्या किनाऱ्यावरील मकाव आणि मकावहून जपान असा तो मार्ग होता. अनुकूल वारा सुटेपर्यंत जहाजांना बंदरात तिष्ठत राहावे लागे. वादळे, चाचे आणि रोगराई यांचे भय पावलोपावली असे. या मार्गाने गेलेला प्रत्येक जण परत येईल, अशी खात्री कोणी देत नसे.

जपानात पोहोचल्यावर गोन्सालोने पहिले काम केले ते जपानी भाषा शिकण्याचे. ही भाषा युरोपातून आलेल्या माणसांना अतिशय कठीण वाटे. चिनी चित्राकृती अक्षरे हजारोंनी पाठ करावी लागत. त्याखेरीज जपानी लोकांनी स्वतः तयार केलेल्या दोन अक्षरमाला वेगळ्याच. लिहावयाचे ते कुंचल्याने, वरून खाली आणि उजवीकडून डावीकडे. थोरांशी बोलताना एक क्रियापद, बरोबरीच्या माणसाशी बोलताना दुसरे आणि धाकट्याशी बोलताना तिसरे. एखादा शब्द चुकला, तर ऐकणाऱ्याचा अपमान होण्याचा संभव असे. तथापि आपल्या देशातून गेलेल्या माणसाला या भाषेत काही ओळखीच्या खुणाही सापडतात. मराठीप्रमाणेच जपानी वाक्यातही क्रियापद शेवटी येते. आपले विभक्तिप्रत्यय जसे नामाच्या मागून लागतात, तसेच तेथेही लागतात. जपानी स्वरांचा अ, इ, उ, ए, ओ हा क्रम तर बौद्ध भिक्षूंनी नेलेल्या संस्कृत वर्णमालेच्याच प्रभावाने ठरला आहे.

गोन्सालोने ही भाषा अशी आत्मसात केली की, तो ती सफाईने बोलू लागला. त्याचा स्वभाव मोकळा आणि मनमिळाऊ होता. त्यामुळे लोकांमध्ये मिसळताना त्याला अडचण पडली नाही. भाषा नुसत्या पुस्तकातून येत नाही. ती माणसांच्या सहवासातून येते. गोन्सालोला जपानी माणसे आवडली, म्हणूनच त्याला जपानी भाषाही वश झाली.

यानंतर सुमारे आठ वर्षे गोन्सालो गार्सिया यांनी धर्मशिक्षक म्हणून काम केले. धर्मशिक्षक हे पद काही मोठे नव्हते. धर्मगुरूंची दीक्षा मिळालेली नसे, हाती कसला अधिकार नसे आणि नाव कोठे नोंदले जात नसे. परंतु जपानातील मिशनचे रोजचे काम अशाच मदतनिसांच्या बळावर चाले. युरोपातून आलेल्या अनेक धर्मगुरूंना जपानी भाषा नीट येत नसे. ते जे सांगू इच्छीत, ते लोकांच्या भाषेत उतरवून सांगणारा कोणीतरी लागे. हे काम धर्मशिक्षक करीत.

त्या काळच्या जपानातील मिशनचे घर म्हणजे लाकडाची एक साधी इमारत असे. दारात पादत्राणे काढून, हातपाय स्वच्छ करून आत जावयाचे आणि गवताच्या चटईवर गुडघे मोडून बसावयाचे, हा तेथील रिवाज मिशनच्या लोकांनाही पाळावा लागे. पाहुणा आला की त्याला प्रथम चहा द्यावयाचा आणि मगच बोलणे काढावयाचे, ही त्या देशाची रीत. धर्मशिक्षकाचा दिवस अशा लहानमोठ्या कामांत जाई. सकाळची प्रार्थना झाली की मुले जमत. त्यांना प्रार्थना आणि धर्माची तत्त्वे प्रश्नोत्तरांच्या रूपाने शिकवावयाची, त्यांच्याकडून ती पाठ करवून घ्यावयाची आणि गाणी म्हणवून घ्यावयाची. शंका विचारण्यासाठी मोठी माणसे येत. त्यांच्याशी विनयाने चर्चा करावयाची. गावात कोणी आजारी असेल तर त्याच्या घरी जावयाचे. कोणी मरण पावला तर त्याच्या अंत्यविधीची व्यवस्था पाहावयाची. हेच काम दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी आणि वर्षानुवर्षे करावयाचे. यात पराक्रम दिसत नाही. परंतु परक्या देशातील माणसांचा विश्वास अशाच संथ आणि चिकाटीच्या कामाने मिळतो.

गोन्सालो यांच्या मनात मात्र एक इच्छा होती. ज्या येशूसंघाच्या शाळेत आपण शिकलो आणि ज्याच्या धर्मगुरूंबरोबर आपण येथवर आलो, त्या संघात आपल्याला सभासद म्हणून प्रवेश मिळावा, असे त्यांना फार वाटे. त्यांनी ती इच्छा वरिष्ठांपाशी प्रकटही केली. परंतु आई हिंदी असलेल्या तरुणांना युरोपीय धर्मसंघांत प्रवेश मिळणे त्या काळी अवघड असे. गोन्सालो यांची विनंती मान्य झाली नाही. ज्या कामात तारुण्याची आठ वर्षे घातली, त्या कामात आपले कायमचे स्थान नाही, हे कळल्यावर त्यांना केवढे दुःख झाले असेल, याची कल्पना कोणालाही करता येईल.

दुःखाने माणूस कडवट होऊ शकतो. गोन्सालो तसे झाले नाहीत. त्यांनी मिशन सोडले आणि व्यापाराचा मार्ग धरला. त्यांना अनेक भाषा येत होत्या, लोकांचा विश्वास संपादन करण्याची हातोटी होती आणि शब्द पाळण्याची सवय होती. हे तीन गुण असल्यावर व्यापारात यश मिळावयास वेळ लागत नाही. पूर्वेच्या समुद्रातील बंदरांत त्यांचा व्यापार वाढला, पैसा आला, मान मिळाला. दुसरा एखादा असता तर याच सुखात रमून गेला असता.

व्यापाराच्या निमित्ताने गोन्सालो फिलिपिन्स बेटांतील मनिला शहरी गेले. तेथे त्यांची फ्रान्सिस्कन संघाच्या धर्मबंधूंशी ओळख झाली. हा संघ तेराव्या शतकात इटलीतील असिसी गावच्या संत फ्रान्सिस यांनी स्थापन केला. श्रीमंत व्यापाऱ्याचे पुत्र असूनही फ्रान्सिस यांनी सर्व संपत्तीचा त्याग करून गरिबी पत्करली आणि कुष्ठरोग्यांची सेवा केली. त्यांचे अनुयायी जाडाभरडा झगा घालीत, कमरेस दोरी बांधीत आणि मिळेल त्या भिक्षेवर निर्वाह करीत. मनिलाच्या या धर्मबंधूंपैकी हुआन पोब्रे यांच्या सहवासाने गोन्सालो यांच्या मनातील जुनी इच्छा पुन्हा जागी झाली. त्यांनी आपली मालमत्ता सोडली आणि ते फ्रान्सिस्कन संघात दाखल झाले. इ. स. १५८८ मध्ये त्यांनी संघाची व्रते घेतली.

येथेही ते धर्मगुरू झाले नाहीत. त्यांनी साधा धर्मबंधू म्हणूनच राहणे पसंत केले. मठातील धर्मबंधूंच्या वाट्यास स्वयंपाक, झाडलोट, रुग्णसेवा अशी हलकी समजली जाणारी कामे येत. काल ज्याच्या मालाने जहाजे भरत होती, तो मनुष्य आता हातात झाडू घेऊन आनंदाने काम करू लागला. मनिलामध्ये पुष्कळ जपानी लोक राहात असत. गोन्सालो यांना त्यांची भाषा येत असल्यामुळे त्यांना शिकवण्याचे कामही त्यांच्याकडे आले. अशा रीतीने सोडून दिलेले धर्मशिक्षण पुन्हा त्यांच्या हाती आले.

याच सुमारास जपानात मोठी राजकीय उलथापालथ झाली होती. तोयोतोमी हिदेयोशी नावाच्या पराक्रमी पुरुषाने आपापसांत लढणाऱ्या सरदारांना नमवून साऱ्या देशावर सत्ता बसवली होती. हा एका सामान्य घरातला मुलगा; परंतु स्वतःच्या कर्तबगारीने तो सर्वसत्ताधीश झाला. सम्राट नामधारी होता आणि खरी सत्ता हिदेयोशीच्या हाती होती. इ. स. १५९२ मध्ये त्याने कोरियावर स्वारी केली आणि मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नरकडेही शरण येण्याविषयी निरोप धाडला. गव्हर्नर मोठ्या पेचात पडला. शरण जाणे त्याला शक्य नव्हते आणि युद्ध करण्याइतके सैन्य त्याच्यापाशी नव्हते. तेव्हा त्याने समेटाचे बोलणे करण्यासाठी वकील पाठवण्याचे ठरवले. वकील म्हणून पेद्रो बाप्तिस्ता या विद्वान व साधुवृत्तीच्या फ्रान्सिस्कन धर्मगुरूंची निवड झाली. परंतु त्यांना जपानी भाषा येत नव्हती. म्हणून त्यांचे दुभाषे या नात्याने गोन्सालो गार्सिया यांना बरोबर जावे लागले.

इ. स. १५९३ मध्ये हे शिष्टमंडळ जपानात पोहोचले. कोरियाच्या स्वारीसाठी हिदेयोशीने क्यूशू बेटाच्या किनाऱ्यावर नागोया येथे मोठी छावणी ठोकली होती. तेथे त्याच्या दरबारात हे अनवाणी धर्मबंधू उभे राहिले. भोवती शस्त्रधारी सरदार, समोर संतापी आणि सर्वसत्ताधीश राज्यकर्ता. हिदेयोशीने आपल्या सामर्थ्याची मोठी बढाई सांगितली आणि मनिलाने आपले स्वामित्व मान्य करावे, असे दरडावून बजावले. बाप्तिस्ता यांनी उत्तर दिले ते निर्भय होते. आम्ही मैत्री जोडण्यास आलो आहोत, मांडलिकत्व पत्करण्यास आलेलो नाही, असा त्याचा आशय होता.

हा आशय जपानी शब्दांत मांडण्याची जबाबदारी गोन्सालो यांच्यावर होती. भीतीने शब्द सौम्य केले असते, तर मनिला शरण आली असा अर्थ निघाला असता. शब्द कठोर केले असते, तर सत्ताधीशाचा अपमान झाला असता आणि कदाचित सर्वांचे प्राण गेले असते. दुभाष्याने प्रामाणिक राहावे, पण मर्यादा सोडू नये, अशी ती कसोटी होती. वीस वर्षांपूर्वी परक्या मुलांमध्ये बसून शिकलेली भाषा आज दोन राज्यांच्या शांततेसाठी कामी आली. हिदेयोशीचा राग निवळला. त्याने मैत्रीची बोलणी पुढे चालू ठेवण्यास संमती दिली आणि धर्मबंधूंना जपानात राहण्याची परवानगीही दिली.

राजधानी क्योतो येथे त्यांना जागा मिळाली. तेथे त्यांनी एक लहानसा मठ आणि प्रार्थनामंदिर बांधले. लवकरच शेजारी कुष्ठरोग्यांसाठी इस्पितळ उभे राहिले आणि पुढे एकाची दोन इस्पितळे झाली. त्या काळी कुष्ठरोगावर औषध नव्हते. आज हा रोग औषधांनी पूर्ण बरा होतो; परंतु चारशे वर्षांपूर्वी तो झालेल्या माणसाला घरातून व गावातून घालवून देत. आप्तसुद्धा त्याच्या सावलीस उभे राहात नसत. धर्मबंधू अशा माणसांना शोधून आणीत, त्यांच्या जखमा धूत आणि त्यांना जेवू घालीत. हे पाहून क्योतोच्या लोकांना प्रथम आश्चर्य वाटले आणि मग अनेक जण मदतीस आले. त्यांत वैद्य होते, कारागीर होते, गृहस्थाश्रमी माणसे होती.

मठात काही मुलेही राहू लागली. लुई इबाराकी हा अवघा बारा वर्षांचा होता. अंतोनियो तेरा वर्षांचा. त्याचे वडील चिनी आणि आई जपानी असून तो नागासाकीहून शिकण्यासाठी आला होता. तोमास कोझाकी हा चौदा वर्षांचा मुलगा. त्याचे वडील मिगेल हे धनुष्यबाण तयार करणारे कारागीर होते आणि बापलेक दोघेही धर्मबंधूंना मदत करीत. ही मुले प्रार्थना शिकत, स्तोत्रे गात आणि मठातील कामांना हातभार लावीत. धर्मबंधूंपैकी जपानी भाषा उत्तम जाणणारे गोन्सालोच असल्याने मुलांशी, रोग्यांशी आणि शेजाऱ्यांशी बोलण्याचा सारा व्यवहार प्रामुख्याने त्यांच्यामार्फत चाले. आई आणि वडील भिन्न देशांचे असल्यामुळे वाटणारे वेगळेपण गोन्सालो यांना अनुभवाने ठाऊक होते. अंतोनियोसारख्या मुलाचे मन त्यांच्याइतके दुसऱ्या कोणाला कळणार?

ही सुखाची स्थिती तीनच वर्षे टिकली. परदेशी धर्मगुरूंनी देश सोडून जावे, असा हुकूम हिदेयोशीने इ. स. १५८७ मध्येच काढला होता. त्याची कडक अंमलबजावणी झाली नव्हती, इतकेच. इ. स. १५९६ च्या ऑक्टोबरात सान फेलिपे नावाचे एक मोठे स्पॅनिश जहाज मनिलाहून मेक्सिकोला जात असता वादळात सापडले आणि जपानच्या शिकोकू बेटाच्या किनाऱ्यास लागले. जहाजावर फार मौल्यवान माल होता. तो सर्व हिदेयोशीच्या हुकमाने जप्त झाला. या प्रकरणी जी बोलाचाली झाली, तीतून असा संशय निर्माण झाला की, स्पेनचा राजा प्रथम धर्मगुरू पाठवतो आणि मागाहून सैन्य पाठवून देश जिंकतो. नेमके कोण काय बोलले, याविषयी त्या काळच्या लेखांत एकमत नाही. परंतु दूरदूरचे देश युरोपीय राजांच्या ताब्यात गेले होते, ही गोष्ट खरी होती आणि हिदेयोशीला आपल्या देशाविषयी धास्ती वाटली, यात नवल नव्हते. त्या धास्तीचा आघात मात्र रोग्यांची शुश्रूषा करणाऱ्या निरुपद्रवी माणसांवर झाला.

डिसेंबर महिन्यात मठाभोवती पहारे बसले. धरावयाच्या माणसांच्या याद्या तयार झाल्या. शिपाई मठात आले, तेव्हा यादीतील मातियास नावाचा एक जण बाहेर गेला होता. त्याच्या नावाचा पुकारा होताच शेजारी राहणारा दुसराच एक मनुष्य पुढे आला. आपलेही नाव मातियासच आहे, असे सांगून तो त्याच्या जागी कैद झाला. अशा माणसांच्या संगतीत गोन्सालो यांनी आपली शेवटची वर्षे घालवली होती.

एकूण चोवीस जणांना मृत्युदंड फर्मावण्यात आला. इ. स. १५९७ च्या जानेवारीच्या आरंभी क्योतोच्या रस्त्यात त्या प्रत्येकाच्या डाव्या कानाचा तुकडा कापण्यात आला आणि त्यांना गाड्यांत बसवून शहरातून फिरवण्यात आले. मग त्यांना नागासाकीकडे नेण्यास सुरुवात झाली. सुमारे आठशे किलोमीटरांची ती वाट, बहुतेक पायी, ऐन हिवाळ्यात आणि थंडगार वाऱ्यातून त्यांनी महिनाभर तुडवली. लोकांना दहशत बसावी म्हणून त्यांना गावोगावांतून नेण्यात आले. परंतु वाटेत ठिकठिकाणी लोकांना त्यांची दयाच आली. कैद्यांची काळजी घेत त्यांच्याबरोबर चालणाऱ्या दोघांना शिपायांनी धरले आणि त्यांचाही यादीत समावेश केला. अशा रीतीने ते सव्वीस झाले. त्यांत सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी येशूसंघीय आणि सतरा सामान्य जपानी गृहस्थ व मुले होती. सहा फ्रान्सिस्कनांपैकी चौघे स्पेनचे, एक मेक्सिकोचा आणि एक आपल्या वसईचा होता.

वाटेत एका मुक्कामी तोमास कोझाकीने आपल्या आईला पत्र लिहिले. तिने दुःख करू नये आणि धाकट्या भावांची नीट काळजी घ्यावी, असे त्यात त्याने सांगितले होते. ते पत्र पोहोचते करण्याची संधी त्याला मिळालीच नाही. पुढे ते त्याच्या वडिलांच्या अंगावर रक्ताने डागळलेले सापडले. नागासाकी जवळ आल्यावर तेथील अधिकाऱ्याला बारा वर्षांच्या लुईची कीव आली. धर्म सोडशील तर तुझे प्राण वाचवतो आणि तुला माझ्यापाशी ठेवून घेतो, असे तो म्हणाला. लुईने ते मान्य केले नाही. अंतोनियोचे आईवडील नागासाकीतच राहात होते. त्यांनी रडून त्याची विनवणी केली. त्याने त्यांना धीर दिला; मात्र तोही मागे फिरला नाही. एवढ्या लहान मुलांना अशा कसोटीस लावावे, ही गोष्ट वाचताना आजही मन विषण्ण होते.

इ. स. १५९७ च्या फेब्रुवारीची ५ तारीख होती. नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर सव्वीस क्रूस उभे करण्यात आले. गोन्सालो गार्सिया तेव्हा सुमारे चाळीस वर्षांचे होते. पॉल मिकी या जपानी येशूसंघीयाने क्रूसावरून लोकांना उद्देशून भाषण केले आणि आपला घात करणाऱ्यांना क्षमा केली. मठात शिकलेले स्तोत्र अंतोनियोने तेथे म्हणावयास सुरुवात केली. मग भालाइतांनी आपले काम केले. ज्यांना शिकवले, ज्यांची सेवा केली आणि ज्यांच्या भाषेत आयुष्य घालवले, त्या जपानी माणसांच्या सोबतच वसईच्या या पुत्राने देह ठेवला.

पुढच्याच वर्षी हिदेयोशी मरण पावला. काही काळ शांतता राहिली, परंतु इ. स. १६१४ मध्ये साऱ्या जपानात ख्रिस्ती धर्मावर बंदी आली. त्यानंतर अडीचशे वर्षे हजारो कुटुंबांनी आपल्या प्रार्थना गुप्तपणे जतन केल्या. त्यांना ना धर्मगुरू होते, ना देऊळ. आईबापांनी मुलांना तोंडी शिकवावे आणि त्या मुलांनी मोठे झाल्यावर आपल्या मुलांना शिकवावे, असे ते चालले. इ. स. १८६५ मध्ये नागासाकीतील ओउरा येथील नव्या चर्चमध्ये अशी काही माणसे प्रकट झाली, तेव्हा जगाला आश्चर्य वाटले. ते चर्च या सव्वीस हुतात्म्यांच्याच स्मरणार्थ बांधलेले होते. इ. स. १८७३ मध्ये बंदी उठली. जुन्या काळच्या अनेक अनाम धर्मशिक्षकांनी मुलांकडून जे धडे पाठ करवून घेतले होते, ते इतकी वर्षे टिकून राहिले होते.

रोमच्या पोपनी इ. स. १६२७ मध्ये या हुतात्म्यांना धन्यवादित घोषित केले आणि ८ जून १८६२ रोजी त्या सर्वांना संतपद दिले. हिंदुस्थानात जन्मलेल्या व्यक्तीला संतपद मिळण्याचा हा पहिलाच प्रसंग होता. इ. स. १९६२ मध्ये निशिझाका टेकडीवर जपानी शिल्पकार यासुताके फुनाकोशी यांनी घडवलेले स्मारक उभारण्यात आले. त्यावर सव्वीस मूर्ती एका ओळीत आहेत. मोठ्यांच्या रांगेत तीन मूर्ती उंचीने लहान आहेत. वसईतही गोन्सालो यांची स्मृती जागती आहे. तेथील गास गावी त्यांच्या नावाचे चर्च आहे आणि वसईतील एका महाविद्यालयाला त्यांचे नाव दिलेले आहे.

गोन्सालो गार्सिया यांनी ग्रंथ लिहिले नाहीत, राज्य मिळवले नाही की मोठे पद भूषवले नाही. ज्या संघात जावयाचे होते त्याचे दार त्यांच्यासाठी उघडले नाही. पुढे व्यापारात मिळालेले वैभव त्यांनी आपणहून सोडले. परंतु कोणत्याही देशात गेले तरी तेथील माणसांची भाषा शिकावी, त्यांच्या रीतींचा मान राखावा आणि आपल्या वाट्यास आलेले लहान काम मन लावून करावे, हा नेम त्यांनी अखेरपर्यंत मोडला नाही. परक्यांना आपले करण्याची ही वाट वसईच्या या मुलाने चारशे वर्षांपूर्वी चालून दाखवली.